एकांकिकेसाठी मदत हवी: १९९१ च्या पुण्यातला एसटीडी बूथ नेमका कसा चालायचा?

तालीमवाली

नमस्कार मंडळी. एका एकांकिकेच्या संहितेवर काम चालू आहे आणि तपशिलांत अडलो आहोत. काळ जुलै १९९१, जागा सदाशिव पेठेतला एसटीडी बूथ (पैसे देऊन परगावी थेट फोन लावायचं दुकान), वेळ रात्री साडेदहा ते साडेअकरा. नायक रत्नागिरीजवळच्या एका गावचा, पुण्यात कॉट बेसिसवर राहून शिकणारा. त्याला आईशी बोलायचं आहे. घरी फोन नाही, वाडीतल्या किराणा दुकानात आहे.

गटात कोणीही कधी बूथमध्ये पाऊल टाकलेलं नाही. सध्याच्या संहितेत तो केबिनमध्ये जातो, नंबर लावतो, आई लगेच फोन उचलते आणि "कुठे आहेस रे?" विचारते. मीटरवरचे पैसे रिक्षासारखे सरकत राहतात. बूथवर बीएसएनएलची पाटी आहे. आईच्या वहीत घरमालकिणीचा नंबर ०२० ने सुरू होतो. यातलं किती चुकलंय ते स्पष्ट सांगा. बूथची मांडणी, फोन लावायची रीत, दर कसे लागत आणि काय काय बिघडत असे, हे सगळं हवंय. परीक्षकांमध्ये तो काळ पाहिलेले लोक असणार, त्यामुळे अंदाजे काही नको.

काचेची_केबिन

ताई, आधी पाटी. बीएसएनएल ही कंपनी १ ऑक्टोबर २००० ला आली. १९९१ मध्ये पुण्याचे फोन थेट दूरसंचार विभागाकडे होते. एमटीएनएल १९८६ पासून होती, पण फक्त मुंबई आणि दिल्लीत. त्यामुळे पाटीवर कंपनीचं नावच नको. पिवळ्या पार्श्वभूमीवर मोठ्या अक्षरांत एसटीडी, आयएसडी, पीसीओ एवढंच पुरे, रात्री आतून ट्यूब पेटलेली.

मांडणी. दुकानाच्या एका कोपऱ्यात प्लायवूडची, वरच्या अर्ध्या भागाला काच असलेली केबिन, एक माणूस जेमतेम मावेल एवढी. आत भिंतीला फळी, त्यावर बटणांचा फोन, एक छोटा पंखा आणि बसलंच तर स्टूल. दार लावलं की पंखा सुरू असूनही घाम येतो, म्हणून बरेच जण दार पायाने थोडं उघडं धरतात. नटाला हे सांगा, कारण त्यामुळेच त्याचं खासगी बोलणं बाहेरच्या रांगेला ऐकू जातं. बाहेर काउंटरवर मालकाचं मशीन, म्हणजे मीटर. त्यावर लाल आकडे, शेजारी किंवा आतच छोटा प्रिंटर. केबिनमध्येही वेगळा डिस्प्ले असे, म्हणजे बोलणाऱ्याला पैसे दिसत राहतात. काउंटरवर दोऱ्याने बांधलेलं पेन आणि नंबर लिहायला पाठकोऱ्या कागदांचे तुकडे. भिंतीवर एसटीडी कोडचा तक्ता. बूथ एकटा क्वचितच असे, बरोबर झेरॉक्स किंवा किरकोळ माल असतोच. बूथ देताना अपंग व्यक्ती, माजी सैनिक, विधवा यांना प्राधान्य असायचं. मालकाचं पात्र ठरवताना हे विचारात घ्या, बूथच्या मालकिणीचं पात्रही तितकंच खरं वाटेल.

आता रीत. गिऱ्हाईक नंबर चिठ्ठीवर लिहून मालकाला दाखवतं किंवा नुसतं "रत्नागिरी" म्हणतं. मालक लाइन मोकळी करून देतो. केबिनमध्ये रिसीव्हर उचलला की डायल टोन. आधी शून्याने सुरू होणारा कोड, मग नंबर. दाबलेले आकडे मशीनवर एकेक उमटत जातात, त्यामुळे चूक झाली तर मालक काचेवर टकटक करून सांगतो. नंतर काही सेकंद पूर्ण शांतता, अधूनमधून खट्ट असा आवाज, मग रिंग. या शांततेत नवखा माणूस फोन ठेवून देतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. समोरून उचललं की सेकंद मोजणं सुरू होतं. बोलणं संपून रिसीव्हर ठेवला की प्रिंटर करकरत चिठ्ठी काढतो: तारीख, वेळ, लावलेला नंबर, किती वेळ, किती युनिट, किती रुपये. त्यावर सेवा आकार. सुट्टे नसले की गोळी हातावर ठेवायची पद्धत होतीच.

पैसे रिक्षासारखे सरकत नाहीत, हा तुमच्या प्रयोगातला सगळ्यात कामाचा मुद्दा आहे. पैसे युनिटने वाढतात. अंतरानुसार ठरतं की एका युनिटमध्ये किती सेकंद मिळणार. अंतर जास्त तर सेकंद कमी. युनिट सुरू झालं की पूर्ण पैसे, त्यातला एकच सेकंद वापरला तरी. सवलतीच्या वेळेत युनिटची किंमत कमी होत नाही, त्यात मिळणारे सेकंद वाढतात. म्हणजे डिस्प्लेवर रक्कम कितीतरी वेळ तशीच थांबलेली असते आणि मग एकदम उडी मारते. सराईत माणूस सेकंदांकडे डोळा ठेवून उडीच्या आधी दोन सेकंद "ठेवतो हं" म्हणून रिसीव्हर खाली घालतो. नायकाचे डोळे सतत त्या आकड्यांकडे हवेत. आईचं वाक्य अर्धं असताना युनिट संपत आलंय, हे प्रेक्षकांना दिसलं पाहिजे.

दरांचे टप्पे ढोबळमानाने असे: दिवसा पूर्ण दर, संध्याकाळी सातनंतर अर्धा, साडेआठनंतर एक तृतीयांश, रात्री अकरानंतर पाव. पुढच्या वर्षांत या वेळा बदलत गेल्या. अकराच्या आधी दहा-पंधरा मिनिटं बूथसमोर रांग लागायची ती त्यामुळेच. वेळ मशीनच्या घड्याळावर ठरायची, गिऱ्हाइकाच्या मनगटावरच्या नाही. त्यावरून वाद होत. "माझ्या घड्याळात अकरा वाजलेत" हे वाक्य तुम्ही बिनधास्त वापरा.

तांब्याची_जोडी

वरच्या प्रतिसादात बूथ छान आला आहे, मी तारेच्या बाजूचं लिहितो.

नंबर. तेव्हा पुण्याचा कोड ०२१२ होता आणि स्थानिक नंबर सहा आकडी. ०२० नंतर आला, आकडे आधी सात झाले, मग पुढे २ लागून आठ. म्हणून आईच्या वहीत ०२१२ आणि पुढे सहा आकडे. रत्नागिरीचा कोड ०२३५२. तक्त्यावर मुंबई ०२२, कोल्हापूर ०२३१, सोलापूर ०२१७, नाशिक ०२५३, नागपूर ०७१२, दिल्ली ०११ एवढे लिहिलेत तरी तो खरा दिसेल. खरा चालू असलेला नंबर स्टेजवर मोठ्याने बोलू नका, सहा आकडी ठेवलात की तो प्रश्न आपोआप मिटतो.

बटणांचा फोन असला तरी तेव्हा तो बहुतेक ठिकाणी पल्सवर चालायचा. म्हणजे बटण दाबलं की 'टूं' असा सूर येत नाही, तबकडीच्या फोनसारखी टिकटिक ऐकू येते. १ ला एक टिक, ५ ला पाच, ० ला दहा. सेकंदाला साधारण दहा टिका, आणि दोन आकड्यांमध्ये पाऊण-एक सेकंदाची मोकळी जागा. ०२३५२ चा हिशेब करा: १० अधिक २ अधिक ३ अधिक ५ अधिक २, एकूण २२ टिका, म्हणजे सव्वादोन सेकंद आणि मधल्या मोकळ्या जागा धरून सहा सेकंदांच्या आसपास. हा झाला नुसता कोड. नटाने भराभर बटणं दाबली तरी फोन मागून सावकाश टिकटिकत राहतो. नाटकात ही टिकटिक ऐकवा, सूर ऐकवलात तर जाणकार माणूस तिथेच अडेल. हल्लीच्या ध्वनिसंग्रहांत सगळीकडे सूरच असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

तबकडीच्या फोनचं गणित वेगळं. आकड्याच्या भोकात बोट घालून अडणीपर्यंत फिरवायचं आणि सोडून द्यायचं. टिका परत येताना पडतात. पुष्कळ लोक तबकडी बोटानेच घाईघाईने मागे ढकलत, त्यामुळे वेग बिघडून चुकीचा नंबर लागे. आतली स्प्रिंग सैल झाली तरी तेच. घरच्या फोनच्या तबकडीला भोकात बसणारं छोटं कुलूप लावत, म्हणजे बाहेरच्यांनी फोन करू नये. पण रिसीव्हर ज्यावर ठेवतात तो खटका आकड्याइतक्या वेळा नेमक्या वेगाने दाबला तरी नंबर लागतो, कारण एक्स्चेंजच्या, म्हणजे टेलिफोन केंद्राच्या, दृष्टीने दोन्ही गोष्टी एकच: तारेतला प्रवाह क्षणभर तुटणं. घरमालकिणीच्या खोलीतला प्रसंग असेल तर हे कुलूप दाखवायला हरकत नाही.

वीज. फोनला वीज एक्स्चेंजमधून, त्याच तांब्याच्या तारांच्या जोडीतून मिळते, ४८ व्होल्टची. म्हणून घरातले दिवे गेले तरी फोन चालू. बूथमध्ये मात्र अडचण अशी की फोन जिवंत, पण मशीन विजेवर. बॅटरी नसेल तर मालक "मीटर बंद आहे" म्हणून कोणाला बोलू देत नाही. पाऊस, अंधार, चालू फोन आणि बंद मीटर, यात एक चांगला प्रसंग आहे असं मला वाटतं.

आणि तुम्ही जुलै निवडलाय. जमिनीखालच्या जुन्या केबलमध्ये प्रत्येक तारेभोवती कागदाचं वेष्टण आणि बाहेरून शिशाचं आवरण. रस्ता खोदताना आवरणाला चीर पडली किंवा सांधा नीट बंद झाला नाही की पावसाचं पाणी शिरतं, कागद ओला होतो आणि शेजारच्या जोड्या एकमेकींत बोलायला लागतात. तोच 'क्रॉस कनेक्शन'. आधी खरखर, मग दुसऱ्याचं संभाषण, मग फोन डेड. खांबावरच्या डब्यात, ज्याला लाइनमन 'डीपी' म्हणतात, स्क्रूला गंज चढला तरी खरखर येते. खरखर पाऊस थांबल्यावर कमी झाली तर ओलावा, वारा आला की वाढत असेल तर सैल जोड. तक्रारीचा नंबर १९८, चौकशीचा १९७, ट्रंक बुकिंगचा, म्हणजे ऑपरेटरमार्फत परगावी फोन लावून घेण्याचा, १८०.

रात्री अकराला सगळे एकदम फोन लावतात तेव्हा पुण्याहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या वाहिन्या भरतात. मग रिंग येतच नाही. पूर्ण नंबर फिरवून होण्याआधीच व्यस्ततेचा आवाज येतो, किंवा या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त असल्याची ध्वनिमुद्रित सूचना लागते. कोडनंतर लगेच व्यस्त आवाज आला तर मार्ग भरलाय. पूर्ण नंबर फिरवून मग आला तर समोरचा फोन खरोखर बोलण्यात आहे. बूथवाल्याला हा फरक कानाने कळतो आणि तो सांगतो, "लाइनच नाही मिळत, दोन मिनिटांनी बघा." नायकाने पाच-सहा वेळा प्रयत्न केल्याशिवाय फोन लागू देऊ नका.

कोकणवारा

माझी हरकत दुसरीच आहे. पावसाळ्यात रात्री अकरा वाजता वाडीतलं किराणा दुकान उघडं नसतं. मालक मागच्या घरात झोपलेला. त्याला उठवून, चार घरं पलीकडे, गडग्यावरून चिखलात कंदील घेऊन आईला बोलवायला पाठवणं हे कोणी करत नसे, फक्त मयताच्या वेळी. रात्री अकराचा फोन वाजला की घरातल्यांच्या पोटात गोळाच येई. म्हणजे स्वस्त वेळ आणि शेजारच्या फोनची वेळ या एकमेकींच्या आड येतात, आणि तुमच्या नायकाची खरी कोंडी तिथेच आहे. संहितेत ती अजून आलेलीच नाही.

प्रत्यक्षात मार्ग असे होते. एक, पत्राने वेळ ठरवायची. "येत्या रविवारी रात्री पावणेनऊला दुकानात फोन करतो, येऊन बसा." पत्र पोहोचायला तीन-चार दिवस धरायचे, पावसात जास्त, म्हणजे निदान आठवडा आधी टाकायचं. मग आई साडेआठपासूनच बाकावर बसलेली, आणि इकडे लाइन मिळत नाही. दोन, दोन टप्प्यांचा फोन. पहिला फोन दुकानदाराला: "काका, जरा आईला बोलावता का? दहा मिनिटांनी परत करतो." लगेच ठेवायचा, एका युनिटात काम. मग दहा मिनिटांनी दुसरा. नवशिका माणूस "थांबतो, बोलवा" म्हणतो आणि आई येईपर्यंतचे सगळे युनिट भरतो. तीन, पहाटे सहाच्या आत. तेव्हाही दर पाव, आणि गावात त्या वेळी जाग असते. मात्र त्यासाठी रात्रभर उघडा राहणारा बूथ लागतो, तो स्टेशन किंवा एसटी स्टँडच्या आसपास मिळेल, पेठेत नाही.

अशा शेजारच्या नंबराला 'पीपी नंबर' म्हणत आणि लग्नपत्रिकेवर, कार्डावर नंबरापुढे 'पीपी' छापत. ट्रंक कॉलमध्येही 'पीपी कॉल' असतो, तो वेगळा. तिथे ऑपरेटरला ठरावीक व्यक्तीचं नाव द्यायचं, जादा आकार भरायचा, आणि ती व्यक्ती रिसीव्हरवर आल्यापासून वेळ मोजली जायची. दोन्हींची गल्लत संहितेत होऊ देऊ नका.

गावात एसटीडी पोचलेलं नसेल तर ट्रंकच. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाल्यावर लहान गावांसाठी १२८ लाइनची स्वयंचलित एक्स्चेंज निघाली, पण १९९१ मध्ये सगळीकडे ती बसलेली नव्हती. ट्रंकसाठी १८० ला किंवा तारघरात जाऊन बुकिंग करायचं: ऑर्डिनरी, अर्जंट किंवा लाइटनिंग. लाइटनिंग आधी लागतो आणि त्याचे पैसे कितीतरी पट. ऑर्डिनरी तासन्‌तास लागत नाही. हिशेब तीन मिनिटांच्या टप्प्याने आणि टप्पा संपला की ऑपरेटर मध्येच "थ्री मिनिट्स" म्हणून विचारतो, वाढवायचे का. ऑपरेटर हाताने घंटी देत असल्यामुळे ट्रंकची रिंग लांबलचक वाजे, घरातले आवाजावरूनच "ट्रंक कॉल आलाय" म्हणून धावत.

आणि आई "कुठे आहेस रे?" विचारणार नाही. फोन जागेला लावलेला असे, नंबरावरूनच जागा कळे. उचलणारा विचारतो, "कोण बोलतंय?" आणि करणारा, "कोण, दुकानातून का?" आधी नंबर बरोबर लागलाय याची खात्री, मग नाव, मग निरोप. आईचं पहिलं वाक्य बहुधा "बरं आहे ना सगळं?" आणि दुसरं "पैसे पडत असतील, ठेव आता." दुकानात पाच-सहा माणसं ऐकत उभी असतात, त्यामुळे आईला मनातलं बोलता येत नाही. इकडे रांग ऐकतेय, तिकडे वाडी ऐकतेय.

तालीमवाली

हे सोनं आहे. कोकणवारा, तुमच्या हरकतीमुळे मधला भागच नव्याने लिहायला घेतला आहे. आता नायक पावणेनऊची वेळ ठरवतो, लाइन मिळत नाही, आणि अकरा वाजत येतात तसा तो ठरवू शकत नाही की काकांना उठवावं की नाही.

दोन प्रश्न उरले. पहिला, दुसऱ्या प्रसंगात त्याचा मित्र गावाहून आईने दिलेली पिशवी घेऊन पुण्यात येतो आणि दोघांची चुकामूक होते. फोन नसताना भेटायचं कसं ठरवत? दुसरा, स्टेजवर फोन खरा वाजवायचा आहे आणि मीटर प्रेक्षकांना दिसायला हवं. कसं करावं?

पेठेतला_पत्ता

भेटायचं ठरवताना तीन गोष्टी लागत: नेमकी जागा, नेमकी वेळ आणि चुकलं तर काय. तिसरी विसरली की चुकामूक.

कोकणातून येणारी एसटी स्वारगेटला येते. "स्वारगेटला भेटू" एवढं पुरत नाही, स्टँड मोठा आहे. "चौकशीच्या खिडकीपाशी" म्हणायचं. त्यातही गाडी घाटात अडकली तर दोन-तीन तास उशीर ठरलेला, आणि उशीर झाल्याचं कळायला काही साधन नाही. चौकशीवाला फार तर "अजून आली नाही" एवढंच सांगतो. म्हणून सोबत ठरलेलं असे: "दहापर्यंत थांबेन, नाही भेटलास तर सरळ खोलीवर ये, किल्ली खालच्या आजींकडे ठेवतो." तुमची चुकामूक इथे घडवा. गाडी उशिरा येते, नायक दहाला निघतो, मित्र सव्वादहाला उतरतो, आणि खोलीचा पत्ता पिशवीवर चिकटवलेल्या कागदावर पावसाने पुसलाय.

शहरातल्या शहरात भेटायचं तर अलका टॉकीजचा चौक, शनिपार, मंडई, डेक्कनचं गुडलक, बालगंधर्व. अलका चौकात लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, शास्त्री रस्ता आणि लकडी पूल सगळे येऊन मिळतात, त्यामुळे "अलकाला" म्हणून दोन माणसं वेगवेगळ्या कोपऱ्यांवर अर्धा तास उभी राहू शकतात. "टॉकीजच्या पोस्टरखाली" असं सांगावं लागे. उशीर झाला तर वाट पाहायची हद्द साधारण अर्धा तास, मग निरोप ठेवून निघायचं. निरोप ठेवायच्या जागा: नेहमीचा पानवाला, मेसच्या काकू, दाराच्या फटीतून सरकवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर वेळ लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. "लगेच येतो" असं लिहून वेळ न टाकलेली चिठ्ठी काही कामाची नाही, कारण 'लगेच' कधीपासून मोजायचं?

पत्ता शोधणं हे वेगळं काम. पेठेत घरक्रमांक ओळीने नसतात, त्यामुळे क्रमांकाचा उपयोग पोस्टमनला, माणसाला खुणेचा: कोणत्या मारुतीसमोर, कोणत्या बोळात, कोणाच्या वाड्यात, कितवा जिना. पत्त्यावर पुणे ३० लिहा, म्हणजे ४११०३०, तो सदाशिव पेठेचा पिन. पिनकोड १९७२ पासून आहेत, त्यामुळे १९९१ मध्ये ते योग्यच.

टेलिफोन डिरेक्टरीचा प्रसंग घालणार असाल तर एक अडचण लक्षात घ्या. नोंद आडनावाने, मग आद्याक्षरं, मग पत्ता. जोशी, कुलकर्णी, देशपांडे यांचे रकानेच्या रकाने भरलेले. त्यात फोन ज्याने वर्षानुवर्षं प्रतीक्षा यादीत थांबून घेतला त्याच्याच नावावर असतो, म्हणजे बहुतेक वेळा आजोबांच्या. मित्राचं नाव माहीत असून उपयोग नाही, त्याच्या आजोबांचं आद्याक्षर आणि पेठ माहीत हवी.

आणि बस म्हणायची तर पीएमटी. पीएमपीएमएल २००७ ची. मुंबईचा उल्लेख असेल तर द्रुतगती मार्गही नको, तो पूर्ण झाला २००२ मध्ये.

तांब्याची_जोडी

फोन वाजवण्याबद्दल. जुन्या फोनच्या घंटीला एक्स्चेंजमधून ७५ व्होल्टच्या आसपास, कमी वारंवारतेचा एसी प्रवाह येतो, तेव्हा आतला टोला दोन वाट्यांवर आपटतो. स्टेजवर हे करण्यासाठी कोणी घरच्या प्लगमधून थेट जोडणी करू नका. घंटीचं वेटोळं जळेल आणि रिसीव्हर धरलेल्या माणसाला झटका बसेल. सोपा उपाय: फोनच्या आतलं सामान तसंच ठेवून त्याच्या खाली टेबलात छोटा स्पीकर बसवा आणि ध्वनिमुद्रित घंटी सोडा. आवाज टेबलातूनच आला पाहिजे. सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून आला तर प्रेक्षकांची मान वर जाते.

आपल्याकडच्या रिंगचा ठेका: ०.४ सेकंद वाजते, ०.२ थांबते, पुन्हा ०.४ वाजते, मग २ सेकंद शांत. ट्रिंग-ट्रिंग आणि विराम. इंटरनेटवर मिळणारा अमेरिकन आवाज म्हणजे दोन सेकंदांची एकच लांब घंटी आणि चार सेकंद शांतता, तो वापरू नका. व्यस्ततेचा आवाज पाऊण सेकंद सुरू, पाऊण बंद. फोन उचलताना नटाने रिंगच्या मध्येच उचलावा आणि ध्वनी सांभाळणाऱ्याने त्याच क्षणी तोडावा. विरामात उचलणं सोपं जातं म्हणून सगळे तसं करतात आणि ते ठरवून केल्यासारखं दिसतं.

फुकटच्या खुणेचाही एक प्रसंग होऊ शकेल. समोरून उचलेपर्यंत पैसे लागत नाहीत. म्हणून "पोचलो की दोनदा वाजवून ठेवतो" असं ठरलेलं असे. मित्राने सुखरूप पोचल्याची खूण अशी द्यायची ठरवली असेल आणि दुकानदाराने पहिल्याच रिंगला उचललं, तर एक युनिट गेलं आणि वर "कोण बोलतंय?" ला उत्तर देणं आलं.

काचेची_केबिन

मीटरसाठी खरं जुनं मशीन शोधत बसू नका, मिळालं तरी चालेल याची खात्री नाही. लाल सात-पट्टी आकड्यांचे दोन मोठे डिस्प्ले घ्या, एकावर सेकंद, एकावर रुपये, आणि छोट्या प्रोग्रॅमिंग बोर्डवर चालवा. उंची निदान दोन इंच, म्हणजे शेवटच्या रांगेला दिसेल. निळे किंवा पांढरे आकडे नकोत.

आकड्यांचा ठेका असा बसवा. स्टेजसाठी सोपी रक्कम धरू: युनिट दीड रुपया, पूर्ण दरात एका युनिटला १२ सेकंद. साडेआठनंतरच्या एक तृतीयांश दरात ३६ सेकंद, अकरानंतरच्या पाव दरात ४८. समोरून उचलल्या क्षणी १.५० दिसलं पाहिजे. पाव दरात ४९ व्या सेकंदाला ३.००, ९७ ला ४.५०, १४५ ला ६.००, १९३ ला ७.५०, २४१ ला ९.००. म्हणजे बरोबर चार मिनिटांत ठेवला तर साडेसात रुपये, एक सेकंद जास्त झाला तर नऊ. तेवढंच बोलणं अकराच्या आधी केलं तर सात युनिट, साडेदहा रुपये. दिवसा केलं तर वीस युनिट, तीस रुपये. नायकाच्या खिशात आठ रुपये ठेवा, बाकी काही समजावून सांगायची गरज पडणार नाही.

एक बिघाड मुद्दाम ठेवण्यासारखा. समोरून उचलल्याचं मशीनला कळतं ते तारेतल्या धन-ऋण टोकांची अदलाबदल झाली की. ती खूण एक्स्चेंजमधून नीट आली नाही तर दोन्हीकडचं बोलणं चालू असतं आणि सेकंद शून्यावरच थांबलेले. मालक काचेतून हाताने "ठेवा, ठेवा" करतो, कारण विभागाचं बिल त्याला भरायचंच असतं.

चिठ्ठीसाठी पातळ, अरुंद कागदाची गुंडाळी घ्या, अक्षरं ठिपक्यांची. चिठ्ठी फाडताना उजवीकडे ओढून तिरपी फाडायची, सरळ वर ओढली की कागद आत अडकतो. प्रिंटरचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करा आणि रिसीव्हर ठेवल्यानंतर पूर्ण एक सेकंद जाऊ द्या, मग करकर सुरू.